गेटावर चालणारी सायरा

सायराभाभीशी माझी पहिली भेट भांडणानं झाली. केजच्या स्टँडसमोर ती सीताफळं विकायला बसली होती आणि मी सवयीनं एकेक फळ अंगठ्यानं दाबून बघत होतो. तिनं माझ्या हातातलं फळ काढूनच घेतलं.

"दाबू नका शेठ. मांडवाचा खुंटा न्हाई त्यो. कधी खायचं तेवढं सांगा, मी देते."

मी म्हणालो, परवा. तिनं ढिगाकडं नुसतं पाहिलं, चार फळं उचलून पिशवीत टाकली आणि वर म्हणाली, "परवा सांजच्याला. सकाळीच फोडलं तर मला नावं ठेवू नका."

मला रागच आला. गिऱ्हाइकाशी असं बोलतात का? म्हणून परवा सकाळी मुद्दाम एक फोडलं. कच्चं निघालं. उरलेली संध्याकाळी आमच्या बायनाबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकटीनं संपवली आणि मला फक्त बिया दाखवल्या.

ती यासीनची बायको आहे हे मला नंतर कळलं. माझा धंदा मंडप-डेकोरेशनचा. यासीननं तेव्हा नुकतंच माझ्याकडं लायटिंगचं काम धरलं होतं. आधी साध्या झालरी होत्या, मग एलईडी आले, आणि मग ते बारीक बारीक दिव्यांचे पॅनल आले, ज्यांच्यावर मोर नाचतो, घोडा पळतो आणि नवरा-नवरीचं नाव वाहत जातं. यासीन त्यात तरबेज झाला. शाळा त्यानं अर्ध्यावर सोडलेली, पण मोबाइलवर बघून बघून त्या पॅनलचा प्रोग्राम लिहायला शिकला. बोलायला मात्र कंजूष. घरी ते दोघं आपसात दखनी बोलत, माझ्याशी आमची इकडची मराठी. त्यातही यासीनचं बोलणं म्हणजे "हाय", "न्हाई" आणि "बघू". बाकीचं सगळं भाभी बोलायची, त्याच्या वाट्याचंही.

त्यांना मूलबाळ नव्हतं. तिला त्याचं दुःख होतं, पण ती ते कुणाला दाखवायची नाही. हसताना मोठ्यांदा हसायची. स्टँडवरचे कंडक्टर तिला घाबरून असत.

मग तो अपघात झाला. ती युसूफ वडगावला माहेरी, भावाकडं गेली होती. अशफाक तिचा भाऊ, त्याचा फळांचा धंदा. यासीन तिला आणायला मोटारसायकलवर गेला. येताना ती मागं एकांगी बसली होती, मांडीवर फळांची पिशवी. रस्त्यात गतिरोधक होता, त्यावर रंगाचा पट्टा नव्हता. यासीननं ही गोष्ट मला एकदाच सांगितली, पुन्हा कधीही नाही. तो म्हणाला, "शेठ, मला धक्का कळला न्हाई. गाडी हलकी झाली तवा कळलं."

लातूरला दवाखान्यात लई दिवस काढले. तिचा जीव वाचला, पण मानेखाली काही उरलं नाही. फक्त उजव्या हाताची दोन बोटं थोडी हलायची, आणि तोंड. तोंड शाबूत राहिलं याचा मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण घरी आल्यावर तिनं तोंडही मिटून घेतलं. यासीन तिला धुवायचा, भरवायचा, कुशीवर वळवायचा. बायनाबाई दुपारी जाऊन अंघोळीला हात लावायची. यासीनचं तर हसणं म्हणून जे काही असेल नसेल ते त्या रस्त्यावरच राहिलं. कामावर यायचा, दिवे लावायचा, निघून जायचा. मी चिडून एकदा म्हणालो, "बे, चार माणसांत तरी तोंड वर कर." त्यानं तोंड वर केलं आणि मला बोललो त्याचा पस्तावा झाला.

त्या गणपतीत आमचं एक मोठं पॅनल खराब झालं. त्याच्यातली एक ओळ जळून गेली, म्हणून गिऱ्हाइकानं परत पाठवलं. मी ते भंगारात घालणार होतो. यासीन म्हणाला, "मी नेऊ?" त्यानं ते घरी नेलं आणि भाभीच्या पलंगासमोरच्या भिंतीवर ठोकलं. दिवसभर ती छताकडं बघत पडलेली असायची, तिच्यापुढं काहीतरी हलावं एवढाच त्याचा हेतू. पहिले काही दिवस त्यानं मोर लावला, घोडा लावला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाभीनं बऱ्याच काळानं एक पूर्ण वाक्य उच्चारलं. म्हणाली, "ह्यो घोडा पळून पळून मला दमवतोय, काढा त्याला."

त्याच सुमारास सहर सुट्टीला आली. सहर म्हणजे यासीनच्या थोरल्या भावाची मुलगी. अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकते, दर शनिवारी एसटीनं येते. तिला कॉलेजात एक खेळ शिकवला होता. खेळ असा. पॅनलवरचा प्रत्येक दिवा आपल्या आजूबाजूच्या आठ दिव्यांकडं बघतो. त्यातले किती पेटलेत यावरून ठरतं, त्यानं पेटायचं, टिकायचं की विझायचं. शेजारी फार कमी असले तर एकटा पडून विझतो, फार झाले तर दाटीनं विझतो. सगळे दिवे एकदमच ठरवतात, मग पुन्हा बघतात, पुन्हा ठरवतात. बस, एवढंच. मोरासारखा कुणी काढून ठेवलेला नसतो. सुरुवातीला दिवे कसेही विस्कटून टाकायचे आणि त्यातून काय उभं राहतं ते बघत बसायचं.

सहरनं सांगितलं तसं यासीननं लिहिलं. लिहिताना टिकण्याच्या आकड्यांत एक आकडा चुकून जादा पडला. सहर आधी चिडली, मग शोधाशोध करून म्हणाली, "राहू द्या चाचा. ह्यो नियम कोणी फारसा खेळलेलाच न्हाई." आणि यासीननं दुसरी एक गोष्ट केली, ती मात्र चुकून नव्हे, सवयीनं. आमच्या धंद्यात गेटवरची नक्षी उजव्या कडेला संपली की डावीकडून पुन्हा आत येते. वरून गेलेली खालून येते. मांडवाचं गेट एकदा पेटलं की नवरी निघेपर्यंत त्यावर अंधार पडू द्यायचा नाही, ही आमची रीत. कडेला जाऊन नक्षी हरवली तर गेट काळं पडेल, म्हणून आम्ही कडा जोडूनच ठेवतो. यासीननं इथंही जोडल्या. त्यात वेगळं काही केलं असं त्यालाही वाटलं नाही आणि मलाही नाही.

भाभीच्या त्या दोन बोटांखाली त्यानं घराच्या बेलचं बटण बसवलं. एकदा दाबलं की पॅनल थांबायचं, पुन्हा दाबलं की चालायचं, दाबून धरलं की जुनं पुसून नवे दिवे विस्कटायचे. अपघातानंतर तिच्या हुकमानं चालणारी ही पहिलीच वस्तू.

आणि भाभी बोलू लागली. मी संध्याकाळी जाऊन बसायचो, ती मला समोरचं दाखवायची. चार दिव्यांचा एक ठोकळा असायचा, हलायचा नाही, डुलायचा नाही. त्याला ती म्हाळू म्हणायची. म्हाळू म्हणजे आमच्या स्टँडवर सकाळपासून बसून असणारा माणूस, त्याला कुठल्याच गावाला जायचं नसतं. तीन दिव्यांची एक काडी असायची, ती आडवी व्हायची, उभी व्हायची, पुन्हा आडवी, पण जागा सोडायची नाही. तिचं नाव मोहनराव. आमचे मोहनराव कितीही पक्ष बदलोत, खुर्ची तीच. हे ऐकून मी एवढा हसलो की बायनाबाई आतून बघायला आली. यासीन मात्र दारात उभा राहून बायकोच्या तोंडाकडं बघत होता.

एक बारकं तिरकं चालणारंही होतं. ते चालायचं म्हणून भाभीला आवडायचं. सहर म्हणाली, "ते सगळ्या जगाला ठावं हाय चाची. जुनं हाय. नवीन चालणारं जो हुडकंल, त्याला नाव ठेवायचा मान असतो. जगातले लोक असली हुडकत बसतेत. एक ठिकाण हाय, तिथं पाठवायचं. त्यांनी तपासून घेतलं की ते नाव कायमचं."

"कुणाचं बी नाव?" भाभीनं विचारलं.

"कुणाचं बी."

त्या दिवसापासून ती कामाला लागली. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी चहा झाला की विस्कटायचं, बघायचं, पुसायचं, पुन्हा विस्कटायचं. सीताफळाच्या ढिगाकडं बघायची तशी त्या दिव्यांच्या गर्दीकडं बघायची. कोणता घोळका मरणार, कोणता म्हाळू होऊन बसणार, ते तिला आधीच दिसायला लागलं होतं. मी एकदा म्हणालो, "भाभी, एवढं कावून जिवाला लावून घेतलंत?" तिनं पॅनलवरून डोळे न काढता उत्तर दिलं, "माझं नाव कुठं हाय, भाऊ? दुकानावर अशफाकचं. गाड्यावर सासऱ्याचं. मूल न्हाई की त्याच्या मागं आईचं नाव निघंल. माझ्या नावाचं कायतरी चालत राहू द्या. मी तर पडलेली हाय."

 पंखा कुरकुरत होता, त्याचंच काहीतरी बोललो.

थंडी सरता सरता ते सापडलं. मी गोडाऊनमध्ये कनाती मोजत होतो, तर यासीन पळत आला. त्याला पळताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. माझा हात धरून ओढतच घरी नेलं. समोर पॅनलवर एक मोठा घोळका सरळ चालला होता, डावीकडून उजवीकडं. पुढं एक डोकं, वर काहीतरी रुंद, आणि मागं दोन ठिणग्या टाकत जाणारं. डोक्यावर टोपली घेऊन बाई बाजारला निघावी अगदी तसं. उजव्या कडेला गेलं, डावीकडून आत आलं आणि पुन्हा चालू लागलं. थांबेचना. भाभी हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला तिला हात नव्हता. यासीननं पुसलं. आणि यासीनही हसत होता. मोठ्यांदा, दात दाखवून, एखाद्या पोरासारखा. खरं सांगतो, मी पॅनलकडं कमी आणि त्याच्याकडंच जास्त बघितलं.

सहरनं शनिवारी ते उतरवून घेतलं, स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं आणि पाठवून दिलं. नावाच्या जागी लिहिलं, सायरा.

उत्तर यायला वेळ लागला. दरम्यान भाभीची तब्येत उतरत चालली होती. छातीत कफ राहायचा, गिळायला त्रास व्हायचा. डॉक्टरांनी घट्ट खाणं बंद केलं. पेज, दूध, कधी केळ्याचं पातळ. ती रोज विचारायची, "सहरचा फोन आलता का?" यासीन रोज सांगायचा, "येईल."

फोन आला नाही, सहरच आली, आणि ती घरी न जाता आधी माझ्या गोडाऊनला आली. यासीन तिथंच तारा गुंडाळत होता. तिचा चेहरा बघूनच त्यानं तारा खाली ठेवल्या. ती म्हणाली, "चाचा, ते चालत न्हाई."

"न्हाई कसं? रोज चालतंय."

तिनं लॅपटॉप उघडला. म्हणाली, तपासणाऱ्यांचं उत्तर आलंय, त्यांचं मैदान मोकळं असतं, त्याला कडाच नसतात. आपल्या पॅनलच्या कडा जोडलेल्या आहेत. तिनं तपासलं तेव्हाही प्रोग्राम चाचाचाच उचललेला, म्हणजे कडा तिथंही जोडलेल्याच. मागं टाकलेल्या ठिणग्या फिरून पुढून येतात आणि त्या टोपलीवालीच्या डोक्याला आधार देतात, म्हणून ती चालते. मोकळ्यावर ठिणग्या परत येत नाहीत. मग तिनं आम्हाला ते दाखवलं. टोपलीवाली बाई निघाली. थोडी चालली. मग डोकं खचलं, टोपली विस्कटली आणि दोन-तीन म्हाळू तेवढे उरले.

मला त्या न पाहिलेल्या लोकांचाच राग आला. मोकळं मैदान कुणाच्या वाट्याला येतं या जगात? सगळेच कुठल्या ना कुठल्या कडेत राहतात. असं काहीबाही मी तावातावानं बोललो, पण यासीनचं लक्ष नव्हतं. तो त्या उरलेल्या म्हाळूंकडं बघत होता. म्हणाला, "कडा मी जोडल्या, शेठ. दुसऱ्यांदा पाडली मी तिला."

सहर रडायला लागली. मी म्हणालो, "जाऊन खरं सांग. तिचा डोळा लई तिखट हाय, तिच्यापुढं खोटं टिकायचं न्हाई." तो "बघू" म्हणाला. मला वाटलं सांगेल. संध्याकाळी गेलो तर घरात गल्लीतली माणसं जमलेली, आणि यासीन खव्याचे पेढे वाटत होता. मला बघून त्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि डोळ्यांनी हात जोडले. "मंजूर झालं शेठ. सायराचं नाव लागलं."

मी त्या माणसाला चांगला ओळखतो. त्याला खोटं बोलता येत नाही. झालर अर्धी बंद असली तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आत स्वतःच सांगून मोकळा होणारा तो. त्या दिवशी मात्र असा बोलत होता की मलाही क्षणभर खरं वाटलं. मग मीही सामील झालो. दुसरं काय करणार? गोडाऊनमधून निवडणुकीतला उरलेला हार आणला, भाभीच्या उशाशी ठेवला, चार शब्द भाषणासारखे बोललो. बायकांनी कडाकडा बोटं मोडली. भाभी सगळ्यांकडं बघून हसत होती.

मग म्हणाली, "मला न्हाई का पेढा?"

यासीन म्हणाला, डॉक्टरांनी नको सांगितलंय. ती म्हणाली, "माझ्या नावाचा पेढा अन् मलाच न्हाई?" त्यानं कणभर मोडून दिला. तिनं मान हलवली. अख्खा मागितला. त्यानं थोडा थोडा करून भरवला, आणि ती चावत राहिली, गिळत राहिली. मधेच ठसका लागला, तोंड लाल झालं, बायनाबाई ओरडली. पण तिनं तोंड उघडलं नाही. सगळा पेढा संपवला आणि यासीनला म्हणाली, "चांगला हाय."

त्यानंतर यासीननं ती नक्षी माझ्या स्वागत गेटवर चढवली. भाभीला सांगायचा, आज केजला चालली, आज होळला चालली. तीही ऐकायची.

एक दिवस यासीन कडा गावी कारखान्याच्या कार्यक्रमाच्या कामावर गेला होता. बायनाबाईची चुलीजवळ खुडबुड चाललेली. मी पलंगाशेजारी बसलो होतो आणि समोर ती टोपलीवाली चालत होती. भाभीनं बटण दाबून तिला थांबवलं.

"त्रिंबकभाऊ, पॅनलच्या कडा जोडलेल्या हायत न्हवं?"

मी चुलीकडं बघू लागलो.

"घाबरू नका. मला लई आधीच दिसलं. एकदा मागची ठिणगी मधीच अडली, अन् ही लगेच मोडली. तवाच कळलं, हिचं चालणं हिचं एकटीचं न्हाई."

"मग सहर पाठवत होती तवा बोलला कावून न्हाई?"

ती थांबलेल्या नक्षीकडं बघत म्हणाली, "खरं सांगू? वाटलं, कोणी एवढं बारीक बघणार न्हाई. लागून जाईल नाव." मग म्हणाली, "अन् ते हसत हुते, भाऊ. तुमीच बघितलं न्हवं? त्या दिसापासून पयल्यांदा. मी कशी बोलू?"

मी पेढ्यांचं विचारलं. ती म्हणाली, "खरंच मंजूर झालं असतं तर सहर आधी माझ्याकडं पळत आली असती. त्यांना वाटतंय मला फसवलं. वाटू द्या. एवढं एक तरी माझ्यासाठी त्यांच्याच्यानं झालं, असं वाटू द्या. तुमी सांगू नका, शपथ हाय तुमाला. अन् मी गेल्यावर ते त्या कडा सोडतील. लई इमानदार माणूस हाय. सोडू देऊ नका."

मी शब्द दिला. तिनं बटण दाबलं. समोरची पुन्हा चालायला लागली.

ऐन उन्हाळ्यात भाभी गेली. छातीतच धरलं. आमच्या गल्लीतली सगळी माणसं मातीला होती, स्टँडवरचे कंडक्टरसुद्धा. त्यांच्या घरात कबरीवर नाव लिहायची चाल नाही. एक दगड डोक्याकडं, एक पायाकडं, संपलं. यासीननं त्या दोन दगडांकडं बघून मान फिरवली, आणि मला कळलं की आता यानं काहीतरी मनात घेतलं आहे.

शहादेवच्या वैष्णवीचं लग्न आलं. शहादेव आमच्याच तालुक्यातला, चांगली बागायत आहे त्याची, लग्न गोरज मुहूर्तावर होतं. सकाळी गेट उभं करायचं, म्हणून मी गोडाऊनला गेलो, तर यासीननं पॅनलचा कंट्रोलर उघडून लॅपटॉप जोडला होता.

"काय करतोस?"

"कडा सोडतोय."

"कावून?"

"खोटं हाय ते. मी तिला खोटं सांगून पाठवलं, शेठ. तिथं तिला कळंल तर काय म्हणंल? निदान इथं तरी खरं चालू द्या. मोडायचं असंल तर मोडू द्या."

मी लॅपटॉपवर हात ठेवला. म्हणालो, गेट माझं आहे. म्हणालो, लग्नात नक्षी मोडली तर लोक काय म्हणतील? तो म्हणाला, मोर लावू. मी म्हणालो, मोर नको. तो चिडला. तोही चिडू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं माझा हात झटकला, "तुमाला काय करायचंय, बायको माझी हुती," असं म्हणाला, आणि मला राहवलं नाही. शपथ होती. पण तो आणखी किती वर्षं स्वतःला असं खात बसेल, हे मला डोळ्यांपुढं दिसत होतं, आणि माझ्या रागाला कधीच धीर नसतो.

"सोडू नको म्हणून तिनंच सांगितलंय बे!" मी ओरडलो. "तिला सगळं ठावं हुतं. आधीपासून."

यासीन माझ्याकडं बघत राहिला. मग कनातींच्या गठ्ठ्यावर बसला. गोडाऊनच्या पत्र्यावर ऊन तापत होतं. बाहेर शहादेवचा टेम्पो येऊन हॉर्न वाजवत होता, आणि आमच्यातलं कुणी उठलं नाही.

"पेढे वाटले तवा बी ठावं हुतं?"

"हां."

"तिला गिळत न्हवतं, शेठ." तो म्हणाला. "मग तिनं खाल्ला कावून?"

"तू आणला हुतास म्हणून."

तो रडला. पोटातून, तोंड झाकायचंही भान नव्हतं त्याला. मी त्याला रडू दिलं. मीही त्याच्याशेजारी बसून रडलो. रडून झाल्यावर त्यानं लॅपटॉप मिटला, कंट्रोलर बंद केला आणि पॅनल खांद्यावर घेऊन टेम्पोकडं निघाला.

संध्याकाळी शहादेवच्या दारात गेट पेटलं. टोपलीवाली निघाली, उजवीकडून गेली, डावीकडून आली. शहादेव कुरकुरला, "त्रिंबकराव, हे एकच काय फिरतंय? मोर न्हाई का?" मी म्हणालो, न्हाई. वैष्णवी तेवढ्यात नटून बाहेर आली होती, गेटखाली उभी राहून वर बघत होती. तिनं यासीनला विचारलं, "चाचा, हे काय हाय वो?"

यासीन तारेची गाठ मारत होता. त्यानं वर बघितलं.

"सायरा हाय," तो म्हणाला.

"छान चालतंय," वैष्णवी म्हणाली आणि आत गेली.

रात्री जेवणावळी उठल्यावर नवरी निघाली. आमच्या रीतीप्रमाणं तेव्हा गेट विझवायचं असतं. यासीन बटणाजवळ उभा होता, पण त्यानं हात लावला नाही आणि मीही त्याला सांगितलं नाही.